पिकअपमध्ये ऑइल किती टाकायचं? ‘डबा संपेपर्यंत’ हे उत्तर इंजिनाला महागात पडतं

निफाड : ऑगस्टमध्ये टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव बसवंतकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॅरेट भरलेल्या पिकअपच्या रांगा लागतात. टोमॅटो उरकतो न उरकतो तोच लाल कांदा येतो, मग द्राक्षं, मग उन्हाळ कांदा. निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला या पट्ट्यातल्या पिकअपला वर्षभरात सुट्टी अशी नसतेच. त्यामुळे हंगाम तोंडावर आला की गाडी गॅरेजला लावायची, ऑइल बदलायचं आणि निघायचं, ही आपल्याकडची रीत.

ऑइल बदलताना एकदा गॅरेजमध्ये थांबून बघा. बहुतेक ठिकाणी मिस्त्री डबा आणतो, झाकण फोडतो आणि इंजिनात उपडा करतो. डबा संपला की काम संपलं. या गाडीला किती लिटर लागतं आणि आत किती गेलं, हे मालक विचारत नाही आणि मिस्त्रीही सांगत नाही. आठ-दहा लाखांची गाडी, डोक्यावर फायनान्सचा हप्ता, आणि तिच्या इंजिनाचं सगळं आयुष्य ज्या ऑइलवर अवलंबून त्याचं माप डब्यावर सोडलेलं. इंजिन उतरवून बांधायची वेळ आली तर पिस्टन, रिंगा, बेअरिंग सेट, क्रँकचं काम आणि मजुरी मिळून किती जातात हे ज्यांनी भरलंय त्यांना ठाऊक आहे. शिवाय आठ-दहा दिवस गाडी उभी. हंगामातले आठ-दहा दिवस म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

गाडीला ऑइल लागतं किती?

सगळ्या पिकअपला एकच माप नसतं. ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो त्या टाटा एसच्या जुन्या डिझेल गाडीत ७०२ सीसीचं दोन सिलेंडरचं इंजिन आहे. अशोक लेलँड दोस्तमध्ये १४७८ सीसीचं तीन सिलेंडरचं, तर महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये २५२३ सीसीचं चार सिलेंडरचं. इंजिन जेवढं मोठं तेवढं त्याखालचं चेंबर मोठं आणि तेवढं ऑइल जास्त. ढोबळ अंदाज सांगायचा तर दोन सिलेंडरच्या लहान इंजिनाला तीन लिटरच्या आगेमागे, दीड लिटरच्या इंजिनाला चार-पाच लिटर आणि दोन-अडीच लिटरच्या इंजिनाला साडेपाचपासून सात-आठ लिटरपर्यंत ऑइल लागतं. हे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून दिले आहेत. भरायचं माप मात्र तुमच्या गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतलंच धरा, कारण एकाच नावाच्या गाडीत बीएस-४ आणि बीएस-६ इंजिनाचं माप वेगळं असू शकतं. शेजाऱ्याच्या बोलेरोला एवढं लागलं म्हणून आपल्यालाही तेवढंच, असं नाही.

पुस्तिका सापडत नसेल, आणि बऱ्याच जणांची ती आरटीओच्या कागदांबरोबर कुठल्यातरी पिशवीत पडलेली असते, तर कंपनीच्या वेबसाइटवर गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकून बघा. बऱ्याच गाड्यांची पुस्तिका मोबाइलवर उतरवून घेता येते. तेही जमलं नाही तर सर्व्हिस सेंटरला फोन करून चेसिस नंबर सांगा.

पुस्तिकेत बऱ्याचदा दोन आकडे दिलेले असतात, एक फिल्टरसह आणि एक फिल्टरशिवाय. ऑइल फिल्टरच्या आतसुद्धा ऑइल मावतं. नवा कोरडा फिल्टर बसवला तर तो भरायला जास्त ऑइल लागतं, जुनाच फिल्टर ठेवला तर कमी. (ऑइल नवं आणि फिल्टर जुना, ही काटकसर करूच नका. घाण सगळी फिल्टरमध्येच अडकलेली असते.) दुसरी गोष्ट म्हणजे चेंबरचा नट काढून जुनं ऑइल सोडलं तरी ते सगळं कधीच निघत नाही. हेडमध्ये, पंपात, नळ्यांत थोडं राहतंच. गाडी उताराला उभी असेल किंवा इंजिन गार असताना घाईघाईने ऑइल सोडलं असेल तर आणखी जास्त राहतं. समजा तुमच्या गाडीचं माप साडेसहा लिटर आहे आणि आत अर्धा लिटर जुनं राहिलंय. तर तुम्हाला टाकायचंय सहा लिटर. आणि डबा आणलाय साडेसात लिटरचा. आता तो अख्खा उपडा केला तर काय होईल?

डब्यांचं हे असं आहे. दुकानात पाच लिटर, साडेसात लिटर, दहा लिटर असे मापाचे डबे येतात. ते तुमची गाडी मोजून बनवलेले नसतात.

जास्त ऑइल का वाईट?

आपल्याकडे एक समजूत आहे, की कमी पडण्यापेक्षा जास्त असलेलं बरं. तुपाच्या बाबतीत खरं असेल, इंजिनाच्या बाबतीत नाही.

चेंबरमधलं ऑइल क्रँकच्या खाली शांत पडून राहायला हवं. पंपाने ते ओढायचं, फिल्टरमधून गाळून बेअरिंगपर्यंत पोचवायचं, आणि काम करून ते परत खाली टपकायचं, असा हा फेरा असतो. पातळी वर आली की फिरणाऱ्या क्रँकचे वजनाचे दगड ऑइलला आपटायला लागतात. क्रँक मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारत असतो. ताक घुसळल्यावर जसा फेस येतो तसा ऑइलला फेस येतो. आता पंप ऑइल ओढत नाही, फेस ओढतो. फेसात निम्मी हवा. बेअरिंग आणि क्रँकच्या मध्ये ऑइलचा जो पातळ थर हवा तो धरत नाही आणि लोखंडाला लोखंड घासायला लागतं. म्हणजे गंमत बघा, ऑइल जास्त टाकून इंजिन ऑइलविना चालवल्यासारखं होतं.

दुसरा परिणाम लवकर दिसतो. आतला दाब वाढून क्रँकच्या सीलमधून ऑइल पाझरायला लागतं, ब्रीदरच्या नळीतून ऑइल हवेच्या पाइपात जातं आणि तिथून सिलेंडरमध्ये जळतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. बरेच जण हा धूर बघून रिंगा गेल्या असं समजतात आणि इंजिन खोलायला लावतात. आधी पट्टी तपासा. परवाच ऑइल बदललं असेल तर जास्त झालेलं ऑइल हेच कारण असू शकतं आणि मग दोनशे-तीनशे रुपयांच्या मजुरीत काम होतं.

याच कारणाने क्वचित एक फार धोक्याचा प्रकार घडतो. ऑइल हवेच्या वाटेने सिलेंडरमध्ये इतकं जातं की डिझेल इंजिन त्याच ऑइलवर चालायला लागतं. मग रेस आपोआप वाढत जाते, धुराचे लोट निघतात आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. कारण चावीने फक्त डिझेल बंद होतं, ऑइल नाही. अशा वेळी गाडी सगळ्यात वरच्या गिअरमध्ये टाकायची, ब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण दाबायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. ते जमलं नाही तर बोनेटमध्ये डोकं घालून बसू नका आणि हवेच्या पाइपावर हात तर अजिबात ठेवू नका. लांब व्हा आणि लोकांनाही लांब करा.

कमी ऑइल आणि घाटाचा रस्ता

कमी ऑइलचं नुकसान सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. एकच गोष्ट सांगतो. आपल्या गाड्या राहुड घाट, कसारा घाट, नाही तर सापुताऱ्यावरून सुरतेकडे जातात. चढाला किंवा जोराच्या वळणाला चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं. पातळी मुळात खाली असेल तर पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. त्या क्षणी मीटरवरचा तो किटलीसारखा लाल दिवा लुकलुकतो. सपाटीला आल्यावर तो विझतो आणि आपण म्हणतो, वायरिंगचा घोटाळा असेल.

तो दिवा बऱ्याच गाड्यांत ऑइल किती आहे हे दाखवत नाही, ऑइलचा दाब दाखवतो. दिवा लागला याचा अर्थ बेअरिंगपर्यंत आत्ता ऑइल पोचत नाहीये. दाब गेल्यावर इंजिन मिनिटांत खराब होतं. म्हणून दिवा लागला की ‘पुढच्या ढाब्यावर बघू’ असं नाही. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि पट्टी बघायची. आणि एक लिटर ऑइलचा डबा गाडीत कायम ठेवायचा, तोही आत आहे त्याच दर्जाच्या ऑइलचा.

पट्टी कशी बघायची

गाडी सपाट जागेवर हवी. खळ्यात, बांधावर, मार्केटच्या उतारावर बघितलेलं माप खोटं. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. सगळ्यात सोपं म्हणजे सकाळी गाडी चालू करण्याआधी बघणं. पट्टी ओढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग बाहेर काढून वाचा. पहिल्यांदा काढून जे दिसतं ते धरू नका.

पट्टीवर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन्हींच्या मध्ये पाहिजे, वरच्या खुणेच्या थोडं खाली असेल तर उत्तम. बऱ्याच इंजिनांत या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण एक लिटरच्या आसपास ऑइल असतं. त्यामुळे पातळी मध्यावर असताना एक लिटरचा अख्खा डबा टाकला तर ती वरच्या खुणेच्या पुढे जाणार. टॉपअप करताना पाव-पाव लिटर टाका, थोडं थांबा, पुन्हा बघा.

ऑइल बदलतानाही हीच पद्धत. पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा-पाऊण लिटर कमी टाकायचं, इंजिन एक-दोन मिनिटं चालू ठेवायचं म्हणजे फिल्टर भरतो, मग बंद करून थांबायचं आणि पट्टी बघत उरलेलं टाकायचं. किती लिटर गेलं ते लिहून ठेवायचं. आपल्याच गाडीचं खरं माप एकदा कळलं की पुढच्या वेळी प्रश्न राहत नाही. पट्टीवरच्या खुणा शेवटचा शब्द, पुस्तिकेतला आकडा त्याच्या जवळ नेणारा, आणि डब्यावरचा आकडा फक्त पैसे द्यायला.

रंगाबद्दल दोन शब्द. डिझेल इंजिनात नवं ऑइल टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डिझेल जळताना काजळी होते आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. काळं झालं म्हणजे ऑइल संपलं, असं नसतं. पण ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी किंवा कुलंट मिसळलंय, गाडी चालवूच नका. आणि बोटावर घेतल्यावर चुरचुरीत खडे लागले किंवा चमचमणारे कण दिसले तर बेअरिंग घासतंय.

ऑइल वाढलं? आनंद मानू नका

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. त्यानंतर घेतलेल्या पिकअपच्या मालकांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, ‘आपल्या गाडीचं इंजिन इतकं चांगलं आहे की ऑइल कमीच होत नाही, उलट वाढतं.’

इंजिनात ऑइल तयार होत नाही. पट्टीवरची पातळी वाढते याचा अर्थ त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय, आणि बीएस-६ गाडीत ते बहुतेक वेळा डिझेल असतं.

हे कसं होतं ते समजून घ्या. बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला डीपीएफ म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं ‘जाळी’ म्हणतात. जाळीत काजळी साठत गेली की ती जाळून टाकावी लागते. गाडीचा कॉम्प्युटर हे काम आपोआप करतो. तो थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, त्यामुळे धुराची उष्णता ६०० अंशांच्या आसपास जाते आणि काजळी जळून जाते. याला रिजनरेशन म्हणतात. पण हे जास्तीचं डिझेल सिलेंडरमध्ये उशिरा सोडलं जातं. त्यातलं थोडं न जळता सिलेंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतं.

गाडी हायवेला एका दमात पळत असेल तर हे काम वेळेत पूर्ण होतं आणि फारसं बिघडत नाही. पिंपळगावहून वाशी मार्केट म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपासची धाव, तिथे प्रश्न नाही. अडचण आहे ती गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची. मळ्यातून पॅकिंग शेडला, शेडमधून मार्केटला, मार्केटमधून खताच्या दुकानाला. पाच-सात किलोमीटर चालली की बंद. रिजनरेशन सुरू होतं आणि मध्येच चावी फिरते. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पुन्हा जास्तीचं डिझेल, पुन्हा मध्येच बंद. असं होत होत चेंबरमध्ये डिझेल साठत जातं. ऑइल पातळ होतं, त्याचा थर कमजोर पडतो आणि पातळीही वर जाते. म्हणजे वर सांगितलेले जास्त ऑइलचे तोटे आणि पातळ ऑइलचे तोटे, दोन्ही एकदम.

म्हणून बीएस-६ गाडीची पट्टी फक्त कमी झालंय का यासाठी बघायची नाही, वाढलंय का यासाठीही बघायची. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि वासाला डिझेल येत असेल तर थोडं ऑइल काढून टाकून भागत नाही. उरलेलं ऑइलही पातळच असतं. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे आणि सर्व्हिस सेंटरला मशीन लावून रिजनरेशन नीट पूर्ण होतंय का ते बघायला सांगायचं. इंजेक्टर गळत असेल तरी असंच होतं, तेही तपासून घ्यायचं.

घरच्या घरी करायचं ते एवढंच. आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला एकसारख्या वेगात वीस-पंचवीस मिनिटं पळू द्या. मीटरवर जाळीचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितलंय तसं चालवत राहा, लगेच बंद करू नका. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. रिजनरेशन चालू असताना किंवा नुकतंच झालेलं असताना गाडी उसाच्या पाचटावर, कडब्यावर, वाळलेल्या गवतावर उभी करू नका. खाली सायलेन्सर तापलेला असतो, आग लागायला वेळ लागत नाही.

जाळी काढून टाकून कॉम्प्युटरला फसवण्याची कामं काही ठिकाणी होतात असं ऐकायला मिळतं. ते बेकायदेशीर आहे, पीयूसीला अडचण येते आणि वॉरंटी जाते. तुमच्या पोराबाळांच्या छातीत जाणारी काजळी वेगळीच.

कुठलं ऑइल?

डब्यावर इंग्रजीत १५ डब्ल्यू ४० असं काही लिहिलेलं असतं. यातला ४० हा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांला, ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. आकडा जितका लहान तितकं थंडीत पातळ. आपल्याकडच्या पिकअपला १५ डब्ल्यू ४० बरंच चालतं, पण काही नव्या इंजिनांना ५ डब्ल्यू ३० सांगितलेलं असतं. तिथे ‘आपला उन्हाळा कडक आहे, घट्टच टाकू’ असं मनाने ठरवू नका. इंजिनातल्या फटी त्या ऑइलच्या हिशोबाने ठेवलेल्या असतात.

त्याच्याजवळ एपीआय असं लिहून पुढे दर्जाची अक्षरं असतात. एस अक्षराने सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनाचा, सी अक्षराने सुरू होणारा डिझेलचा. सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४ असा क्रम आहे. जितकं पुढचं अक्षर तितका नवा दर्जा. सीके-४ हा २०१६ च्या अखेरीस आला.

हा फरक नुसता नावाचा नाही. ऑइलमध्ये जी औषधं मिसळलेली असतात ती जळल्यावर राख उरते. काजळी जाळता येते, राख जाळता येत नाही. ती जाळीत कायमची बसते. म्हणून जाळी असलेल्या बीएस-६ गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. सीजे-४ आणि सीके-४ त्याच हिशोबाने बनवलेली आहेत, काही कंपन्या स्वतःचा वेगळा दर्जा सांगतात. तुमच्या पुस्तिकेत जो लिहिलाय तोच घ्या. ट्रॅक्टरसाठी आणलेलं जुन्या दर्जाचं ऑइल घरात पडलंय म्हणून ते बीएस-६ पिकअपला टाकलं तर गाडी लगेच बंद पडणार नाही, म्हणूनच लोक टाकतात. पण जाळी भरत जाते, आणि नव्या जाळीची किंमत एकदा विचारून बघा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक आणि ब्रेकचं ऑइल तर इंजिनाचं नव्हेच, डबा सारखा दिसला तरी.

आपली गाडी बीएस-४ आहे की बीएस-६ हे माहीत नसेल तर आरसी बुकवर किंवा मोबाइलमध्ये एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं.

सुटं ऑइल घेऊ नका. डबा सीलबंद हवा, बिल हवं. आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच सोडू नका, खिळ्याने भोक पाडा. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात काय भरून विकलं जातं ते कोणी बघायला येत नाही.

किती दिवसांनी बदलायचं?

पुस्तिकेत कुठे १० हजार, कुठे १५ किंवा २० हजार किलोमीटर लिहिलेलं असतं. पण त्याच पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की धूळ, जड माल, घाट, थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं, असा वापर असेल तर लवकर बदला. आता सांगा, आपल्यातल्या कोणाचा वापर यात बसत नाही?

मीटरवर न दिसणारं चालणं म्हणजे उभं चालणं. मार्केटच्या रांगेत, माल भरताना, टोलवर, घाटातल्या कोंडीत इंजिन चालू असतं पण किलोमीटर वाढत नाही. ढोबळ हिशोब असा धरतात की उभ्या गाडीत एक तास इंजिन चाललं म्हणजे साधारण ४० किलोमीटर धावल्यासारखं. रोज दोन तास धरा आणि हंगामाचे ९० दिवस. १८० तास झाले, म्हणजे ७,२०० किलोमीटर. मीटरवर यातला एकही आकडा येत नाही, ऑइल मात्र तेवढं वापरलं जातं. रांगेत इंजिन बंद करा, डिझेलही वाचेल. फक्त घाट चढून आल्यावर किंवा लांबून पळवून आणल्यावर लगेच बंद करू नका. टर्बो तापलेला असतो आणि त्याला गार व्हायला ऑइल लागतं. एखादं मिनिट इंजिन तसंच चालू द्या, मग बंद करा.

तारखेचाही विचार करा. पुस्तिकेत किलोमीटरबरोबर महिनेही दिलेले असतात. गाडी कमी चालली म्हणून दोन वर्षं तेच ऑइल ठेवायचं नसतं.

ऑइल बदलीच्या वेळी स्वतः उभं राहा. इंजिन कोमट असताना ऑइल सोडायचं, म्हणजे घाण त्याच्याबरोबर निघते. चेंबरच्या नटाचा तांब्याचा वॉशर नवा टाकायला सांगा. जुन्या फिल्टरचं रबर कधी कधी इंजिनालाच चिकटून राहतं, ते काढलं का ते बघा. त्यावरच नवा फिल्टर बसला तर दोन रबरं होतात आणि रस्त्यात सगळं ऑइल बाहेर येतं. आणि ‘आतून धुऊन काढू’ म्हणून मिस्त्री डिझेल टाकून इंजिन चालू करायला निघाला तर त्याला थांबवा. ते डिझेल सगळं बाहेर येत नाही, नव्या ऑइलमध्ये मिसळतं. धुण्यापेक्षा वेळेवर बदलणं स्वस्त.

हवेचा फिल्टर हा ऑइलचा भाऊ समजा. मळ्याच्या रस्त्याची धूळ आणि कांद्याची पात त्यात अडकते. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारून त्याचा कागद फाटला तर धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते आणि कितीही चांगलं ऑइल रिंगांना वाचवू शकत नाही.

काढलेलं काळं ऑइल

जुनं ऑइल बरेच जण घरी आणतात. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात, नांगराच्या फाळाला लावतात, इथवर एकवेळ समजू शकतं. पण काही ठिकाणी गोचिडासाठी किंवा जखमेवर जनावराच्या अंगाला लावतात. त्यात काजळी आणि धातू असतात, जनावर ते चाटतं. लावू नका, जनावरांच्या डॉक्टरकडे औषध मिळतं. विहिरीच्या कडेला, नाल्यात किंवा बांधावर ओतलं तर ते जमिनीत मुरून पाण्यात जातं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं आणि ते मान्यताप्राप्त पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. बऱ्याच गॅरेजवर ते पिंपात साठवून उचलून नेणारे येतात. रिकाम्या डब्यात भरून तिथे द्या, आणि हाताला लागलं तर साबणाने धुवा. कातडीला ते चांगलं नाही.

बोनेटच्या आतल्या बाजूला पेंटने चार गोष्टी लिहून ठेवल्या तर ड्रायव्हर बदलला तरी काम अडत नाही. फिल्टरसह ऑइलचं माप, ऑइलचा दर्जा, शेवटची बदली किती किलोमीटरला झाली ते, आणि तारीख. काही चालक मोबाइलमध्ये पट्टीचा फोटो काढून ठेवतात, दर रविवारी एक. महिन्याभराचे चार फोटो शेजारी ठेवले की ऑइल उतरतंय की चढतंय ते मिस्त्रीला सांगावं लागत नाही.